स्थापत्य अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्था

स्थापत्य अभियंत्यांची व्यावसायिक संस्था म्हणजे इमारती, रस्ते, पूल, धरणे, पाणीपुरवठा, जलनिस्सारण, पाया इत्यादींची आखणी, संकल्पन व बांधणी करणाऱ्या अभियंत्यांनी आपल्या व्यवसायाचा दर्जा राखण्यासाठी स्थापन केलेली संस्था होय. तांत्रिक मानके ठरविण्यात सहभाग घेणे, सभासदांची पात्रता पडताळणे, आचारसंहिता घालून देणे, नवे ज्ञान प्रसृत करणे आणि सार्वजनिक प्रश्नांवर शासनाला व समाजाला सल्ला देणे ही अशा संस्थांची प्रमुख कार्ये मानली जातात.

भारतात अशा संस्थांचे सभासदत्व ऐच्छिक आहे. वकील, डॉक्टर व वास्तुविशारद यांच्याप्रमाणे अभियंत्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारी केंद्रीय कायद्याने स्थापन झालेली परिषद नाही. बांधकामाच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार अभियंत्याला मुख्यतः स्थानिक प्राधिकरणाच्या नोंदणीतून मिळतो. मुंबईसारख्या शहरात जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, पुनर्विकास व मोठे पायाभूत प्रकल्प यांमुळे या संस्थांच्या भूमिकेला विशेष महत्त्व आले आहे.

## स्वरूप

व्यावसायिक संस्था ही कामगार संघटनेपेक्षा व बांधकाम व्यावसायिकांच्या संघापेक्षा वेगळी असते. कामगार संघटना सभासदांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचा विचार करते, तर बांधकाम व्यावसायिकांचा संघ उद्योगाच्या हिताचा पुरस्कार करतो. व्यावसायिक संस्थेत सभासद व्यक्तिशः, आपल्या शिक्षणाच्या व अनुभवाच्या आधारे सामील होतो. त्यामुळे एकाच संस्थेत शासकीय अभियंता, खासगी सल्लागार, कंत्राटदाराकडे नोकरी करणारा अभियंता आणि प्राध्यापक असे परस्परभिन्न हितसंबंध असणारे लोक एकत्र येतात.

काही संस्था संपूर्ण अभियांत्रिकीसाठी असून स्थापत्य हा त्यांचा एक विभाग असतो. काही संस्था काँक्रीट, मृदा, संरचना, महामार्ग यांसारख्या एकाच उपशाखेपुरत्या मर्यादित असतात. याशिवाय विशिष्ट शहरातील परवानाधारक व्यावसायिकांचे संघही आढळतात.

## इतिहास

### उगम

लष्करी बांधकामापासून वेगळा, नागरी उपयोगाच्या बांधकामाचा व्यवसाय अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आला. जॉन स्मीटन याच्या पुढाकाराने १७७१ मध्ये लंडनमध्ये अभियंत्यांचे मंडळ स्थापन झाले. २ जानेवारी १८१८ रोजी काही तरुण अभियंत्यांनी लंडनमधील एका कॉफीगृहात ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स’ ही संस्था स्थापन केली. १८२० मध्ये टॉमस टेलफर्ड हा तिचा पहिला अध्यक्ष झाला व १८२८ मध्ये तिला राजसनद मिळाली. अमेरिकेतील ‘अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स’ १८५२ मध्ये स्थापन झाली.

### भारत व महाराष्ट्र

भारतात आधी शासकीय बांधकाम खाते व त्याला मनुष्यबळ पुरविणारी महाविद्यालये आली. व्यावसायिक संस्था त्यांच्यानंतर बऱ्याच काळाने निर्माण झाल्या. रूडकी येथील महाविद्यालय १८४७ मध्ये, तर पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या या संस्थेतून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यातच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसविलेली त्यांची स्वयंचलित दारे प्रसिद्ध आहेत. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात ‘अभियंता दिन’ म्हणून पाळला जातो. व्यावसायिक संस्थांच्या वार्षिक कार्यक्रमांत या दिवसाला विशेष स्थान आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने भारतीय अभियंत्यांची स्वतंत्र संस्था असावी असा विचार मांडला. त्यातून ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही संस्था १९२० मध्ये नोंदविली गेली. १९२१ मध्ये कलकत्ता येथे व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले व १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली.

रस्तेबांधणीच्या क्षेत्रातील संस्थेचा उगम एका मराठी कायदेपंडिताशी जोडलेला आहे. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमण्यात आली. रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी असावा आणि रस्ते अभियंत्यांना अनुभवांची देवाणघेवाण करण्यासाठी कायमचे व्यासपीठ असावे, ही तिच्या शिफारशींमागील भूमिका होती. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी व १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ अस्तित्वात आली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या नागपूर येथील परिषदेत देशाची पहिली वीस वर्षांची रस्तेविकास योजना आखली गेली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते हे आज परिचित असलेले वर्गीकरण या ‘नागपूर योजने’तून रूढ झाले. १९६१ ते १९८१ या कालखंडाची पुढील योजना ‘मुंबई योजना’ म्हणून ओळखली जाते.

## प्रमुख संस्था

* इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) – मुख्यालय कोलकाता. स्थापत्यासह अभियांत्रिकीच्या अनेक शाखांचे विभाग. महाराष्ट्र राज्य केंद्र मुंबईत हाजी अली परिसरात असून पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इत्यादी ठिकाणी स्थानिक केंद्रे आहेत.
* इंडियन रोड्स काँग्रेस – मुख्यालय नवी दिल्ली. रस्ते व पूल यांच्या संकल्पनाच्या व बांधणीच्या संहिता प्रसिद्ध करते.
* इंडियन जिओटेक्निकल सोसायटी – स्थापना १९४८. मृदा, खडक व पाया यांच्या अभियांत्रिकीसाठी.
* इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट – स्थापना १९८२, मुख्यालय चेन्नई. काँक्रीट तंत्रज्ञानाचा प्रसार.
* इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स – मुंबईत स्थापन झालेली संरचना अभियंत्यांची संस्था.
* असोसिएशन ऑफ कन्सल्टिंग सिव्हिल इंजिनिअर्स (इंडिया) – मुख्यालय बंगळूर. सल्लागार अभियंत्यांची संस्था.
* प्रॅक्टिसिंग इंजिनिअर्स, आर्किटेक्ट्स अँड टाउन प्लॅनर्स असोसिएशन – मुंबईतील परवानाधारक व्यावसायिकांचा संघ. विकास नियंत्रण नियमावलीच्या अंमलबजावणीसंबंधी महापालिका व शासन यांच्याशी विचारविनिमय करतो.
* इंजिनिअरिंग कौन्सिल ऑफ इंडिया – स्थापना २००२. विविध अभियांत्रिकी संस्थांची शिखर संघटना. हिला वैधानिक परिषदेचे अधिकार नाहीत.

## कार्ये

### मानके व संहिता

भारतीय मानक ब्युरोच्या समित्यांवर शासकीय खाती, संशोधन संस्था व उद्योग यांच्या प्रतिनिधींसोबत व्यावसायिक संस्थांचे प्रतिनिधीही असतात. साध्या व प्रबलित काँक्रीटसाठी आयएस ४५६, भूकंपरोधक संकल्पनासाठी आयएस १८९३, वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ चा तिसरा भाग आणि उंच काँक्रीट इमारतींसाठी २०१७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आयएस १६७०० ही मानके मुंबईतील दैनंदिन कामात सर्वाधिक वापरली जाणाऱ्यांपैकी आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिची एक सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये आली. रस्ते व पुलांच्या बाबतीत मात्र इंडियन रोड्स काँग्रेस ही व्यावसायिक संस्थाच संहिता प्रसिद्ध करते. फरसबंदीची जाडी, पुलावरील वाहनभार, रस्त्यावरील चिन्हे व पट्टे यांविषयीच्या तिच्या संहिता शासकीय कंत्राटांत बंधनकारक केल्या जातात.

अनुभवातून चुका लक्षात आल्यावर मानके बदलतात. १९६७ चा कोयना भूकंप, १९९३ चा किल्लारी भूकंप व २००१ चा भूज भूकंप यांनंतर भूकंपविषयक तरतुदींचा फेरविचार झाला. भूजनंतर २००२ मध्ये आयएस १८९३ ची सुधारित आवृत्ती आली. या आवृत्तीत मुंबई भूकंपक्षेत्र ३ मध्ये गणली गेली.

### पात्रता व परीक्षा

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ‘एएमआयई’ परीक्षा दीर्घकाळ नोकरी सांभाळून पदवीतुल्य पात्रता मिळविण्याचा मार्ग होती. पदविकाधारक कनिष्ठ अभियंते व आरेखक मोठ्या संख्येने या परीक्षेला बसत. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्या उमेदवारांच्या बाबतीत ही परीक्षा केंद्र शासनाने पदवीशी समकक्ष मानली. त्यानंतरच्या नोंदणीला ही मान्यता देण्यात आली नाही. अनुभवी सभासदांना संस्था ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणजे सनदी अभियंता हे अभिधान देते. राष्ट्रीय इमारत संहितेत संरचना अभियंत्याच्या पात्रतेचे निकष देताना या संस्थेच्या स्थापत्य विभागाच्या सभासदत्वाचा उल्लेख आहे. अशा तरतुदींमुळे ऐच्छिक सभासदत्वालाही मर्यादित वैधानिक अर्थ प्राप्त होतो.

### आचारसंहिता

बहुतेक संस्थांच्या आचारसंहितेत लोकांची सुरक्षितता ही ग्राहकाच्या व मालकाच्या हितापेक्षा वरची मानलेली असते. स्वतःच्या ज्ञानाच्या व अनुभवाच्या कक्षेबाहेरचे काम न स्वीकारणे, हितसंबंधांचा संघर्ष उघड करणे आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय प्रमाणपत्र न देणे ही तत्त्वे त्यातूनच येतात. नियमभंग झाल्यास संस्था सभासदाला समज देऊ शकते, निलंबित करू शकते किंवा त्याचे सभासदत्व रद्द करू शकते.

### शिक्षण व प्रकाशने

नियतकालिके, परिषदा, व्याख्याने, प्रकल्पस्थळांच्या भेटी व अल्पमुदतीचे अभ्यासक्रम यांद्वारे संस्था व्यवसायातील अभियंत्यांपर्यंत नवे ज्ञान पोहोचवितात. बदललेल्या मानकांचा अर्थ व वापर समजावून देणे हा या उपक्रमांचा मोठा भाग असतो. मुंबईत माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था ही स्थापत्य शिक्षणाची प्रमुख केंद्रे आहेत.

### सार्वजनिक सल्ला

आपत्तीनंतरच्या चौकशीत स्वतंत्र तज्ज्ञांचे मत निर्णायक ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली व मुंबईत महापूर आला. त्यानंतर शासनाने जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. स्थापत्य अभियंता असलेल्या चितळे यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला होता. समितीने २००६ मध्ये अहवाल सादर केला. मिठी नदीसह उपनगरांतील नाले व जलनिस्सारण व्यवस्था यांचा तिने अभ्यास केला.

## कायदेशीर स्थान

वास्तुविशारदांसाठी १९७२ चा वास्तुविशारद अधिनियम असून त्याखालील परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘वास्तुविशारद’ हे अभिधान वापरता येत नाही. वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आहे. अभियंत्यांसाठी असा केंद्रीय कायदा करण्याची मागणी अभियांत्रिकी संस्था अनेक वर्षे करीत आल्या आहेत.

कायद्याच्या अभावी बृहन्मुंबई महानगरपालिका व इतर प्राधिकरणे स्वतःच्या नियमावलीनुसार संरचना अभियंता, परवानाधारक सर्वेक्षक, स्थळ पर्यवेक्षक इत्यादींची नोंदणी करतात. नोंदणी रद्द करण्याचा अधिकारही त्यांचाच असतो. एखाद्या व्यावसायिक संस्थेने सभासदत्व काढून घेतले तरी केवळ त्यामुळे अभियंत्याचा व्यवसाय थांबत नाही.

अमेरिकेत परवान्याची पद्धत राज्यनिहाय आहे. १९०७ मध्ये वायोमिंग राज्याने असा पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियात १९२८ मध्ये सेंट फ्रान्सिस धरण फुटल्यानंतर पुढच्याच वर्षी स्थापत्य अभियंत्यांची नोंदणी अनिवार्य झाली. ब्रिटनमध्ये व्यावसायिक संस्था अनुभवाची छाननी व मुलाखत घेऊन सनदी अभियंता ठरवितात.

## मुंबईच्या पूर्व उपनगरांतील संदर्भ

### कांजूरमार्ग परिसर

मध्य रेल्वेवरील विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यानचे कांजूरमार्ग हे उपनगर स्थापत्य अभियांत्रिकीच्या अनेक शाखांचा एकत्र संबंध येणारे ठिकाण आहे. पश्चिमेस पवईच्या बाजूला बेसॉल्ट खडकाच्या टेकड्या, तर पूर्वेस ठाणे खाडीलगत मिठागरे, कांदळवने व मऊ चिखलमातीची जमीन आहे. खडक उथळ असेल तेथे इमारतीचा पाया थेट त्यावर टेकविता येतो. खाडीकडच्या मातीची भारवाहनक्षमता कमी असते व भार पडल्यावर ती दीर्घकाळ दबत राहते. तेथे पाईल खोल नेऊन खडकात रुजवाव्या लागतात. थोड्या अंतरात बदलणाऱ्या अशा भूस्तरामुळे प्रत्येक भूखंडावर छिद्रण करून स्वतंत्र भूतांत्रिक तपासणी करणे आवश्यक ठरते.

लालबहादूर शास्त्री मार्ग व पूर्व द्रुतगती महामार्ग हे उत्तर-दक्षिण रस्ते आणि त्यांना पश्चिम उपनगरांशी जोडणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता या परिसरातून जातात. वडाळा-कासारवडवली ही मेट्रो मार्गिका ४ व स्वामी समर्थनगर-विक्रोळी ही मार्गिका ६ येथे एकमेकींजवळ येतात. शहराची मोठी कचराभूमीही कांजूरमार्गच्या पूर्वेस आहे. जुन्या कारखान्यांच्या जागांवर उंच निवासी इमारती उभ्या राहत आहेत; शेजारच्या विक्रोळीतील कन्नमवारनगर व टागोरनगर या म्हाडा वसाहतींत पुनर्विकास चालू आहे. कांजूरमार्ग हे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे जवळचे रेल्वे स्थानक आहे.

### जुन्या इमारतींची तपासणी

मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेत क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरतात आणि आतील सळ्या गंजतात. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे काँक्रीटला सळईच्या दिशेने तडे जातात, त्याचे पापुद्रे सुटतात व खांब-तुळयांची ताकद घटते. गळती, गच्चीवरील अतिरिक्त भार आणि अंतर्गत फेरबदल यांमुळे ही प्रक्रिया अधिक धोकादायक बनते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्यांसाठी तीन वर्षांतून एकदा तपासणीची तरतूद आहे. तपासणीत डोळ्यांनी केलेल्या पाहणीसोबत रिबाउंड हॅमर, ध्वनितरंगांचा वेग मोजणारी अल्ट्रासोनिक चाचणी, काँक्रीटचे नळकांडे कापून घेण्याची कोअर चाचणी आणि सळ्यांच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी यांचा वापर होतो.

अहवालाच्या आधारे इमारतीचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण केले जाते :

* सी-१ – अतिधोकादायक. तातडीने रिकामी करून पाडण्यायोग्य.
* सी-२अ – काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी संरचनात्मक दुरुस्ती आवश्यक.
* सी-२ब – रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती शक्य.
* सी-३ – किरकोळ दुरुस्ती आवश्यक.

हे वर्गीकरण रहिवाशांच्या दृष्टीने केवळ तांत्रिक नसते. सी-१ ठरलेल्या इमारतीतील कुटुंबांना घर सोडावे लागते. भाडेकरूंच्या बाबतीत पुनर्वसनाचा प्रश्नही उभा राहतो. उलट, धोकादायक इमारत दुरुस्तीयोग्य ठरविली गेल्यास रहिवाशांचा जीव धोक्यात येतो. मालकाने नेमलेल्या अभियंत्याचा अहवाल सी-१ आणि भाडेकरूंनी नेमलेल्याचा सी-२ असे परस्परविरोधी निष्कर्ष आल्यास प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. असे अनेक वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेले आहेत. तपासणीचे शुल्क देणाऱ्या पक्षापासून अभियंत्याचे मत स्वतंत्र राहणे हा आचारसंहितेतील मुद्दा येथे प्रत्यक्ष कसोटीला लागतो.

### दुर्घटना व उत्तरदायित्व

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गाजवळील सिद्धी-साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चालू असलेले फेरबदल तपासाच्या केंद्रस्थानी होते. प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्यात वरच्या सर्व मजल्यांचा भार तळमजल्याच्या खांबांवर एकवटतो. त्यामुळे तेथील खांब तासणे किंवा कापणे संपूर्ण इमारतीला घातक ठरू शकते.

१४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पूल कोसळला. त्यापूर्वीच्या तपासणीत या पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचे नमूद झाले होते. दुर्घटनेनंतर तपासणी करणाऱ्या अभियंत्याला अटक झाली.

१३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगर भागात पूर्व द्रुतगती महामार्गालगतचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला व १७ जण मृत्युमुखी पडले. महापालिकेची मर्यादा ४० × ४० फूट असताना हा फलक सुमारे १२० × १२० फूट होता. लांबी व उंची तिप्पट झाल्यास फलकाचे क्षेत्रफळ नऊपट होते. वाऱ्याचा भार साधारणतः त्याच प्रमाणात वाढतो आणि अधिक उंचीमुळे पाया उलथविणारा परिणाम त्याहूनही अधिक वाढतो. या प्रकरणात स्थैर्य प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्यालाही अटक झाली.

या घटनांत अभियंत्याची जबाबदारी प्रामुख्याने फौजदारी कायद्याखाली, म्हणजे जीवितहानी झाल्यानंतर, तपासली गेली. दुर्घटनेपूर्वीच निकृष्ट कामाची दखल घेणारी व्यावसायिक शिस्तीची यंत्रणा असावी, हा वैधानिक परिषदेच्या मागणीमागील प्रमुख युक्तिवाद आहे.

## मर्यादा व टीका

अभियांत्रिकी संस्थांवर पुढील आक्षेप घेतले जातात :

* सभासदत्व ऐच्छिक असल्याने व्यवसायातील फार मोठा वर्ग आचारसंहितेच्या कक्षेबाहेर राहतो.
* संस्थांची संख्या मोठी व कार्यक्षेत्रे परस्परव्यापी असल्यामुळे शासनापुढे एकमुखी भूमिका मांडणे कठीण होते.
* परिसंवाद व संहितांची भाषा बहुतांशी इंग्रजी असते. प्रत्यक्ष बांधकामावरील पर्यवेक्षक, मुकादम व गवंडी यांच्यापर्यंत ती माहिती मराठीतून क्वचितच पोहोचते.
* सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या प्रथेमुळे तपासणीचे शुल्क व तिचा दर्जा दोन्ही घसरतात. यावर संस्थांना बंधनकारक उपाय योजता येत नाही.

वैधानिक परिषदेमुळे पात्रता व शिस्त यांचे निकष देशभर एकसारखे होतील, असे समर्थक म्हणतात. केवळ नोंदणीमुळे कामाचा दर्जा सुधारेलच असे नाही आणि परवान्यांची आणखी एक पातळी निर्माण होईल, असे विरोधी मत आहे. दरम्यान, संकल्पनाची दुसऱ्या स्वतंत्र अभियंत्याकडून पडताळणी ही पद्धत मोठ्या पुलांच्या व उत्तुंग इमारतींच्या कामांत रूढ झाली आहे.

## हेही पाहा

* स्थापत्य अभियांत्रिकी
* मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या
* मुकुंद रामराव जयकर
* भारतीय मानक ब्युरो
* बृहन्मुंबई महानगरपालिका
* कांजूरमार्ग